पहिला प्रश्न सोपा पाहिजे

आमच्या एडिटरमध्ये वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून येते, "ऑटोसेव्ह झाले." सात वर्षं झाली मले या कामाले, पण लाइट गेल्यावर माझा एक प्रश्न सेव्ह झालेला सापडला असन तर शपथ! किस्से मात्र सगळेच्या सगळे सेव्ह झाले. कोणी नुसतं "ऑफिस कसं चालू आहे?" विचारलं की मी सुरू होते, आणि घरचे एकेक करून उठून जातात. त्यायले सगळे पाठ आहेत. तुम्ही नवीन आहात, तुम्ही बसा.

आधी काम काय ते सांगते. रायपूरच्या समता कॉलोनीत, दाताच्या दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस. खाली डॉक्टरचं ड्रिल, वर आमचा कीबोर्ड, रडारड दोन्हीकडे. कारखानेवाले, ट्रेनिंगवाले आमच्याकडून परीक्षेचे प्रश्न लिहून घेतात आणि आम्ही ते ऑनलाइन एडिटरमध्ये टाकतो. ठळक करा, तिरपं करा, टेबल काढा, चित्र चिकटवा, चार पर्याय द्या, त्यातला एक बरोबर करा. ऐकायले किती सोपं वाटते ना? मलेही वाटलं होतं!

माझी नणंद अमरावतीची. तिले हे सगळं नीट समजावून सांगितलं. ती म्हणे, "म्हणजे वहिनी, पेपर तुमच्याजवळ आधीच राह्यते? आमचा पोट्टा तलाठ्याच्या परीक्षेले बसून राहिला. त्याच्यासाठी एखादा पाठवा ना!"

मी म्हटलं, "अवो बाई, माझ्याजवळ सिलतऱ्याच्या स्टील प्लांटमधल्या क्रेन ऑपरेटरचा पेपर हाय."

"चालते ना! त्यातलं काहीतरी तं येईन!"

* * *

ऑफिसात आम्ही चार जण. मालक मनीष भैया. मी. सोनल नावाची पोट्टी, मराठी घरातलीच, समजते सगळं, पण उत्तर हिंदीतच देते. आणि देवतळे सर.

सर सदुसष्ट वर्षांचे, भनपुरीच्या शाळेतून गणित शिकवून रिटायर झालेले. त्यायचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेसोबत इकडे आले म्हणतात, आणि सरचा आवाज ऐकला की फौज अजून परत गेली नाही असं वाटते. सर प्रश्न लिहितात जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, शाईच्या पेननं. मग तो मार्च नाहीतर ऑगस्ट महिना माझ्या टेबलावर येते आणि मी तो एडिटरमध्ये उतरवते.

एडिटर पहिल्यांदा पाहिला तेव्हा सर म्हणे, "वर्षा, एवढी बटनं कायले पाहिजेत? माझ्याजवळ एक खडू होता अन् एक डस्टर. दोन बटनांत पोट्टे इंजिनिअर झाले!"

रोज माझं डोकं उठते यांच्यापायी. पण त्यायची सून मले फोन करते. "ताई, बाबाले ऑफिसात ठेवा हो. घरी असले की पोळ्यायले मार्क देतात. काल मले सातच दिले!" ती हसून सांगते, पण मले माहीत आहे. रिटायर झाले, त्याच वर्षी काकू गेल्या, आणि सरनं बोलणंच सोडलं होतं. जेवायले बोलवावं लागे, आंघोळीची आठवण द्यावी लागे. या ऑफिसात आले आणि पुन्हा भांडायले लागले. एकदा चहा पिता पिता स्वतःच म्हणाले, "ही खुर्ची गेली ना वर्षा, तं मी घरी फक्त गोळ्या घ्याले उठीन."

आणि नेमकं सिलतऱ्याचं काम आलं तेव्हा मनीष भैयानं नियम काढला. प्लांटवाले मोठे, नखरे मोठे. तक्रार असली तर फॉर्मवर लेखी देणार. भैया म्हणे, "सर, एक शिकायत चलेगी, दो चलेगी. तीसरी आई तो फिर आप घर पे आराम करना."

फॉर्मवर नाव कोणाचं? प्रश्न लिहिणाऱ्याचं. एडिटरमध्ये चूक कोणीही करो, नाव सरचं!

* * *

पहिली तक्रार ऐका.

क्रेनवर जास्तीत जास्त किती वजन उचलायचं, असा प्रश्न. सरनं पर्याय लिहिला, 5×10³ किलो. मी म्हटलं, "सर, सरळ पाच टन लिहा ना. क्रेन ऑपरेटर आहेत ते, बारावी सायन्स नाही."

"दहाचा घात लिहिल्याशिवाय प्रश्नाले इज्जत राहत नाही," सर म्हणे.

ठीक आहे बापा! प्रत्येक तीनचा आकडा सिलेक्ट करून, बटन दाबून, एकेक वर चढवला. मान मोडली माझी. मग मनीष भैयाले घाई झाली. त्यानं अख्खा पेपर इथून उचलला आणि तिथं पेस्ट केला. झालं! सगळे घात धपाधप खाली उतरले. 5×103! हिशेब करा तुम्हीच. पाचशे पंधरा किलो.

प्लांटच्या फोरमनचा फोन आला. "मैडम, पाँच सौ पंद्रह किलो की तो मेरी भैंस है. उसको उठाने क्रेन लगेगी क्या?"

चढवले मी, उतरवले भैयानं, आणि फॉर्मवर नाव आलं देवतळे सरचं.

* * *

एक दिवस, फक्त एक दिवस मी दुर्गले लग्नाले गेली. सरले वाटलं, वर्षावर किती भार टाकायचा? आज आपणच करू. आणि बसले एडिटरवर!

जोड्या लावायच्या होत्या. कोणती वस्तू कुठं घालायची. टेबलाचं बटन सरले सापडलं नाही, म्हणून त्यायनं स्पेसबार वापरला. तासभर टकटक करत एकेक ओळ अशी जुळवली की विचारू नका. हेल्मेटसमोर डोकं, बुटासमोर पाय, हातमोज्यासमोर हात. स्क्रीनवर एकदम शिस्तीत, शाळेच्या प्रार्थनेले उभे केल्यासारखे.

पण सराव परीक्षा होती मोबाइलवर. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर सगळ्या ओळी तुटल्या आणि एकमेकींच्या अंगावर पडल्या. दुपारी प्लांटमधून व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. एक ऑपरेटर डोक्यावर सेफ्टी बूट ठेवून उभा, चेहरा एकदम गंभीर. खाली लिहिलं होतं, "पेपर के अनुसार."

प्लांटच्या एचआर मॅडम एवढ्या हसल्या की तक्रार लिहायची राहून गेली. नाहीतर त्याच दिवशी दुसरी तक्रार लागली असती!

मी आल्यावर बोंबलली, "सर, काहून हात लावला तुम्ही?"

सर म्हणे, "तुझ्या स्क्रीनवर तं बरोबर होतं. त्यायचे मोबाइल बारके हायेत, माझी काय चूक?"

* * *

शफल नावाचं एक बटन आहे. ते दाबलं की प्रत्येकाले पर्याय वेगवेगळ्या क्रमानं दिसतात, म्हणजे शेजारच्याची कॉपी करता येत नाही. सरची जुनी सवय, चौथा पर्याय "उपरोक्त सभी", म्हणजे वरचे सगळे. शफल केलं आणि तो गेला सगळ्यात वर!

सोनलनं ट्रायल घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणे, "दीदी, उपरोक्त में तो सिर्फ कंपनी का लोगो है. वही टिक कर दूँ?"

* * *

आता दुसरी तक्रार. ही आठवली की अजूनही मी कपाळावर हात मारते.

बुटाच्या प्रकरणानंतर सरले जिद्द चढली. सोनलच्या मागं लागून एक बटन शिकले, रंगाचं. शिकले तर शिकले, पुढं काय केलं? सोनलले तपासायले सोपं जावं म्हणून प्रत्येक प्रश्नाखाली बरोबर उत्तर लिहिलं, आणि ते पांढऱ्या रंगात रंगवलं. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं! कोणाले दिसणार? सोनलनं माउसनं ओढून सिलेक्ट केलं की दिसणार. सर खुश, सोनल खुश. मले कोणीच काही सांगितलं नाही.

पुढची सराव परीक्षा झाली. दहा मिनिटांत सगळ्यांचे पेपर जमा, आणि सगळ्यायले पैकीच्या पैकी! सर खाली गेले आणि अर्धा किलो पेढे घेऊन आले. दाताच्या डॉक्टरलेही दिला एक. "पाह्य वर्षा! तू म्हणत होती ना, यायले जमणार नाही? शिकवणारा पाहिजे!" डोळे भरून आले होते हो त्यायचे.

मले काही हे पटेना. मी प्लांटमध्ये फोन लावला. एचआर मॅडम म्हणे, "हमारे यहाँ सब डार्क मोड में चलाते हैं, बैटरी बचती है."

काळं पान, पांढरी अक्षरं. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर चमकत होतं!

तक्रार दुसरी. पेढे आम्ही परत मागू शकत नव्हतो, ते खाऊन टाकले.

* * *

आता उरली मुख्य परीक्षा, आणि सरची खुर्ची एका तक्रारीवर. मी ठरवलं, सरले एडिटरच्या जवळ फिरकू द्यायचं नाही. प्रत्येक प्रश्न मी स्वतः तीन-तीनदा तपासीन. मोबाइलवर पाहीन, काळ्यावर पाहीन, गोऱ्यावर पाहीन.

सरनं फक्त एका गोष्टीसाठी भांडण काढलं. म्हणे, पहिला प्रश्न सोपा पाहिजे. सोपा म्हणजे ज्याले काहीच यावं लागत नाही असा. "पहिल्या प्रश्नाले पोट्ट्याचा हात थरथरते वर्षा. मी अख्खी नोकरी पाह्यलं. एकदा का त्यानं पहिलं उत्तर लिहिलं की मग तो लिहिते." आणि कॅलेंडरचा नोव्हेंबर पुढं केला. त्यावर पहिला प्रश्न होता, "क्या आपको ऊँचाई पर काम करते समय डर लगता है?" पर्याय दोनच. हाँ. नहीं.

मी म्हटलं, "सर, याचं बरोबर उत्तर कोणतं?"

"दोन्ही बरोबर. मार्क नाही द्यायचा. तो फक्त हात मोकळा करायले हाय."

दुसऱ्या दिवशी सर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, फोन बंद. मी प्रश्न टाकला. एडिटरनं लाल डबा दाखवला, बरोबर उत्तर निवडा. दोन्ही निवडले, तर एकच गोल काळा होते. शून्य मार्क टाकला, पुन्हा लाल डबा. अर्धा तास झटापट केली मी त्याच्याशी! पेपर संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. शेवटी वैतागून म्हटलं, ज्याले भीती वाटते त्याले क्रेनवर ठेवन कोण? आणि "नहीं" वर टिक मारून टाकली. सेव्ह झालं. सरले सांगायचं राहून गेलं.

नाही, खरं सांगते. राहून नाही गेलं. पुन्हा भांडण नको होतं मले.

* * *

परीक्षा प्लांटच्या ट्रेनिंग हॉलमध्ये होती. चाळीस प्रश्न, पास व्हायले चोवीस मार्क. जो नापास होईन त्याले क्रेनवरून उतरवून खाली यार्डात टाकणार. मी आणि सर दोघंही गेलो.

खेलावन नावाचा एक ऑपरेटर होता, पन्नाशी उलटलेला, सव्वीस वर्षं क्रेनवर. माउस असा दाबून धरला होता त्यानं की सोडला तर पळून जाईन! सर त्याच्याजवळ गेले, हळूच म्हणाले, "पहला सवाल पढ़ो. सिर्फ पहला." त्यानं वाचला, थोडा हसला, बटन दाबलं. मग खरंच त्याचा हात चालायले लागला. सरनं माझ्याकडे असं पाहिलं, "काय म्हटलं होतं?"

प्लांटचे जीएम साहेबही हौसेनं बसले. "मैं भी दूँगा, मेरे लोगों का हौसला बढ़ेगा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेलावन आमच्या ऑफिसात. कंपनीच्या कपड्यांत, हातात निकालाचा कागद आणि तक्रारीचा कोरा फॉर्म. एचआरनं सांगितलं होतं, तक्रार असन तर लिहून दे, नाहीतर उद्यापासून यार्डात. त्याले तेवीस मार्क होते. आणि पहिल्याच प्रश्नासमोर लाल फुली.

"मोर का गलती हे सर?" तो म्हणे. "हव, मोला डर लगथे. रोज लगथे. डर लगथे तभे तो चारों कोती देख के क्रेन चलाथौं. छब्बीस साल में काकरो ऊपर कुछु नइ गिरिस."

भीती वाटते म्हणूनच तो चारी बाजू पाहून क्रेन चालवे, सव्वीस वर्षांत कोणाच्या अंगावर काही पडलं नव्हतं. मनीष भैयानं कागद पाहिला. "इसमें सही उत्तर किसने लगाया?"

मी तोंड उघडलं. सर माझ्या आधी बोलले. "मैंने. सवाल मेरा, तो जवाब भी मेरा."

"सर, नाही..." मी म्हटलं.

"तू चूप बस."

भैयाले वाईट वाटत होतं, पण तो म्हणाला, "सर, इसने लिख के दे दिया तो तीसरी हो जाएगी."

"मालूम है," सर म्हणे. मग मले म्हणाले, "उठ. खुर्ची दे."

माझ्या खुर्चीवर बसले. चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. प्रश्न उघडला. "नहीं" वरची टिक काढली, "हाँ" वर मारली. सेव्ह. एडिटरनं विचारलं, सर्व निकाल पुन्हा तपासायचे का?

"सर्व?" सरनं मले विचारलं.

"हो सर. एकट्याचा होत नाही."

सरनं बटन दाबलं. कोणाचा एक मार्क वाढला, कोणाचा कमी झाला, पण बाकी सगळे ऑपरेटर चोवीसच्या कितीतरी वर होते. खेलावन चोवीस. पास! त्यानं तिथंच वाकून सरचे पाय धरले. कोरा फॉर्म टेबलावर ठेवून दिला आणि जिन्यावरून पळत गेला, ड्यूटीची वेळ झाली होती.

सोनल मात्र स्क्रीनकडे पाहत राहिली. "दीदी," ती म्हणे, "एक आदमी चौबीस से तेईस हो गया."

मी वाकून नाव पाहिलं. जीएम साहेब!

पाच मिनिटं नाही झाली आणि भैयाचा फोन वाजला. साहेबांच्या मोबाइलवर मेसेज गेला होता, सुधारित निकाल, अनुत्तीर्ण. भैयाचा चेहरा पांढरा. त्यानं फोन स्पीकरवर टाकला. साहेब कडाडत होते, "कल तक पास था, आज फेल कैसे? कौन सा सवाल है ये?"

सरनं हात पुढं करून फोन मागितला. आणि वर्गात वाचून दाखवतात तसं, एकेक शब्द सुटा करून वाचलं, "क्या आपको, ऊँचाई पर, काम करते समय, डर लगता है? आपका उत्तर, नहीं."

सरनं टेबलावरचा कोरा फॉर्म जवळ ओढला.

"साहब, शिकायत आपका हक है," सर म्हणे. अगदी मनापासून म्हणाले हो, तिरकस काही नाही. "फॉर्म मेरे सामने ही है, भेज देता हूँ. उसमें लिखना है, कौन सा सवाल, आपका जवाब क्या, और आपका जवाब सही क्यों है. नीचे दस्तखत."

खाली डॉक्टरचं ड्रिल सुरू झालं. मग फोन कट झाला.

सरनं पेनाले टोपण लावलं, डबा पिशवीत ठेवला. आपण होऊनच आवरायले लागले. मी म्हटलं, "सर, फॉर्म भरून परत येते की नाही ते तं पाहू, सोमवारपर्यंत थांबा." आणि डबा पिशवीतून काढून पुन्हा टेबलावर ठेवला.

फॉर्म आम्ही पाठवला. सोमवारपर्यंत परत आला नाही. आला तो एक मेल, पुनर्परीक्षेची विनंती, परीक्षार्थी एक. प्लांटमधून साहेबांनी पेपर दिला आणि इकडे माझ्या स्क्रीनवर एकेक उत्तर येऊ लागलं. सर माझ्या मागं उभे. आमच्या एडिटरमध्ये प्रत्येक प्रश्नाले किती वेळ लागला तेही दिसते.

पहिल्या प्रश्नाले साहेबांनी साडेचार मिनिटं घेतली. मग उत्तर आलं, "हाँ."